नकाशाची भिंत

भूगोल शिकवण्यात आपला हात धरणारा राळेगाव तालुक्यात कोणी नाही, असं पुंडलिकराव गुरुजी स्वतःच सांगत. इतरांनीही ते मान्य केलं होतं, कारण वाद घातला की गुरुजी नद्यांच्या उगमापासून सुरुवात करत. तेरा वर्षं ते तांड्यावरच्या दोन खोल्यांच्या शाळेत होते. नकाशाकडे तोंड करून मुलांना उभं करायचं, "उत्तर कुठे?" म्हणायचं, आणि वीस बोटं एकदम समोर उठलेली पाहायची. तेवढ्यानं त्यांचा दिवस चांगला जाई.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ते मोबाईलवर कसलीशी ऑनलाईन माहिती भरत बसले होते. साडेतीनला रुपीबाई पटांगणात आली. पायात चप्पल नव्हती.

"गुरुजी, आमची निकिता अथी आली काय?"

निकिता तिची नात, चौथीतली. आईबाप पुण्याला बांधकामावर, म्हणून जूनमध्ये पोरीला आजीपाशी आणून सोडलेलं. बारा वाजता ती आजोबांची, म्हणजे भावसिंगची, भाकर घेऊन वावरात निघाली होती. पहिल्यांदाच एकटी. काका राजकुमारनं सांगितलं होतं, नाल्यापाशी वावरांकडे जाणाऱ्या तीन वाटा, पांधणी, फुटतात, त्यातली उत्तरेची धर. दोन वाजता भावसिंगचाच फोन आला, भाकर अजून का नाही म्हणून.

"सारे उत्तरेकडे तुरीत धुंडून राह्यले," रुपीबाई म्हणाली. "छोरी नाई भेटत."

तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली. तिच्यात बैल हरवला तरी दिसायचा नाही, मग नऊ वर्षांच्या पोरीचं काय! त्यात आठ दिवसांपूर्वी मावळतीच्या जंगलाकडे वाघानं गाय पाडली होती. पोरगी निदान त्या बाजूला तरी नाही, एवढाच तांड्याला धीर होता.

"तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," म्हणत गुरुजी कुलूप घ्यायला आत वळले. खिडकीतून ऊन थेट डोळ्यांवर आलं. रोजच यायचं. रोजच्यासारखा त्यांनी खिडकी लावायला हात घातला, आणि हात तसाच राहिला.

खिडकीशेजारी नकाशा होता.

तीन वर्षांपूर्वी शाळा डिजिटल झाली तेव्हा मोठा टीव्ही आला आणि उत्तरेच्या भिंतीवर, नकाशाच्या जागी बसला. नकाशा या भिंतीवर आला. टीव्ही आठ महिन्यांत मुका झाला. गुरुजींचा धडा मात्र चालूच राहिला. नकाशाकडे तोंड करा, समोर उत्तर. तांड्यातल्या पोरांचं काही अडलं नाही, त्यांना वाटा पायांनी पाठ होत्या. निकिताला गुरुजींनी शिकवलं तेवढंच येत होतं. आज सकाळीच तिचं बोट सगळ्यांच्या आधी याच भिंतीकडे उठलं होतं आणि ते तिला शाब्बास म्हणाले होते.

मावळतीचं ऊन जिच्यातून येतं ती भिंत उत्तरेची कशी असेल? तीन वर्षं हे आपल्याला दिसलं नाही? गुरुजी धावत सुटले. अठ्ठावन्नला चार महिने कमी होते, पण त्या वेळी वय कोण मोजतो.

नाल्यावर राजकुमार आणि दहा-बाराजण पुन्हा तुरीत शिरायच्या बेतात होते.

"मावळतीकडे चला," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "पोरगी तिकडे गेली."

"कोन पाह्यलं?"

कोणीतरी पाहिलं, एवढं म्हटलं असतं तर अब्रू वाचली असती. शब्द जिभेवर आलाही होता. पण कोणी पाहिलं, कधी, कुठं, हे विचारण्यात पाव तास गेला असता, आणि पोरगी जंगलाच्या तोंडाशी होती.

"कोणी नाही. मीच तिला चुकीची उत्तर शिकवली. नकाशा मावळतीच्या भिंतीवर टांगला आणि त्यालाच उत्तर म्हणालो. तिलाच नाही, सगळ्यांनाच. तीन वर्षं."

राजकुमार त्यांचाच जुना विद्यार्थी.

"गुरुजी, तिले काई झालं तं..." तो बोलता बोलता थांबला आणि मावळतीच्या पांधणीनं पळत सुटला. त्याच्यामागे बाकीचे.

पुढचे दोन किलोमीटर नुसत्या हाका. ओल्या वाटेवर लहान चपलेचे ठसे दिसले. थोड्या अंतरावर ते संपले, कारण वाटच गवतात संपली होती. समोर जंगल. सगळ्यांनी पुन्हा हाका मारल्या.

"काका!"

आवाज वरून आला. डुकरं राखायला बांधलेल्या एका मचाणावर निकिता बसली होती. मांडीवर फडक्यात भाकर, गाठही न सोडलेली. राजकुमारनं तिला उतरवून पोटाशी धरलं. तिनं त्याच्या खांद्यावरून गुरुजींना पाहिलं आणि आता तिला रडू फुटलं.

"मी उत्तरेलेच आली, गुरुजी. नाल्यावरून शाळा दिसते ना, नकाशाची भिंत पाहूनच आली. पन आजोबाचं वावर आलंच नाई."

गुरुजी तिच्यापुढे खाली बसले. "तू नाही चुकलीस बाई. मी चुकलो. ही पश्चिम आहे." मग तिचा हात धरून त्यांनी खरी उत्तर दाखवली.

तिनं डोळे पुसले. "बाकीच्यायले पन सांगसान?"

"सांगतो."

सोमवारी त्यांनी वर्गाला उभं केलं. रात्रभर ठरवलेलं बोलणं ओठांवर येईना, म्हणून नेहमीचाच प्रश्न विचारला. "उत्तर कुठे?"

एकोणीस बोटं नकाशाकडे उठली. निकिताचं एकटीचं बोट मुक्या टीव्हीकडे होतं. सगळा वर्ग तिला हसला.

"हसू नका," गुरुजी म्हणाले. "ती एकटीच बरोबर आहे. आपण सगळे चुकलो, आणि तुम्हाला मी चुकवलं." मग त्यांनी खुर्ची ओढली आणि नकाशा उतरवायला वर चढले.