मामांच्या दातांचे खड्डे

मी शिकलो तो दत्तूमामांमुळे. चंदगडकडच्या लग्नांत सॅक्सोफोन वाजवून त्यांनी मला कोल्हापुरात कॉलेजला ठेवलं. कवळी बसल्यावर मात्र त्यांनी वाजवणंच सोडलं. "माउथपीसवर घसरतीय. तुझ्या लग्नात उडून नवरीच्या पदरात पडायची!" असं म्हणाले.

लग्न जवळ आलं, तसा मी त्यांचा माउथपीस नमुन्याला घेऊन नवा शोधायला निघालो. एका बँडच्या दुकानात एक म्हातारा वादक लाल कोटाला बटण लावत बसला होता. त्याने तो काळा माउथपीस हुंगला, गालाला लावला, मग आपल्या सॅक्सोफोनला जोडून लांब सूर काढला.

"पावणं, ह्यो टाकून नवा घेतासा? खुळं का काय! नवा नुसता बोंबलतोय. ह्येचा आवाज कसा गोल हाय बगा की!"

"पण वर दातांचे खड्डे पडलेत, आणि मामांना आता कवळी आहे."

त्याने हसत स्वतःची कवळी काढून तळहातावर ठेवली. "मग ही काय हाय?"

सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा कापून त्याने खड्ड्यांवर चिकटवला. "आता न्हाय घसरत. पर खड्डं घासू नगासा. त्येंचा जलम हाय त्यात."

त्याचं नाव विचारायचं राहिलंच. मी कवळीकडेच पाहत होतो.

मामांना माउथपीस परत पाठवताना पार्सलमध्ये मी चिठ्ठी ठेवली: "मामा, खड्डे तसेच आहेत, वर फक्त रबर आहे. आजपासून सराव करा. सासरे बँड ठरवू का विचारत होते. मी सांगितलं, आमचा ठरलाय."