माणसं गाव का सोडतात

मिरजेच्या दवाखान्यात उभा जन्म काढून आम्रपाली सिस्टर निवृत्त झाल्या आणि जतकडच्या आपल्या गावी, मोठेपणी तिथं परतलेल्या भाऊ आकारामकडे, चार दिवस राहायला आल्या. शाळेच्या धैर्यशील गुरुजींना ते कळलं.

"मावशी, पोरांना 'गाव आणि शहर' शिकवतोय. माणसं शहरात का राहतात, जरा सांगाल का?"

सिस्टर हौसेनं गेल्या. दवाखान्याच्या, बाजाराच्या, रेल्वेच्या गमती सांगायच्या असं त्यांनी ठरवलं होतं. गुरुजींनी एका पोराला उभं केलं. तो घडाघडा म्हणाला, "गावातली माणसं साधीभोळी असतात. ती मिळूनमिसळून राहतात. पैशाच्या मागं लागलेली माणसं शहरात जातात."

सिस्टरांच्या मस्तकात तिडीक गेली.

"कुणी शिकवलं रं तुला हे?"

पोरानं गुरुजींकडं बघितलं.

"मग आता माझं ऐका. तुमीबी ऐका, गुरुजी. माझा बाप केरू, ह्याच गावचा. आमच्या बायकांनी विहिरीजवळ घागरी घिऊन बसायचं, कुणाला दया आली तर त्यानं वरनं पाणी वतायचं. एका उन्हाळ्यात हा आकाराम तापानं फणफणला हुता. आई सकाळधरनं बसलेली, कुणी पाणी दीना. बाप उठला, दोर घितला आन् सोता पाणी शेंदलं. एवढाच गुन्हा!"

"मारलं त्यास्नी?" एका पोरीनं विचारलं.

"न्हाई गं. मारलं असतं तर बरं. कामाला कुणी बोलवंना, दुकानदार मीठ दीना, गिरणीत दळण घेईनात. ज्यांच्या रानात बाप राबला ती साधीभोळी माणसं तोंड फिरवून जायला लागली. म्हणून आमी मिरज गाठली. पैशाच्या मागं न्हाई, मिठाच्या मागं!"

"मग शहर चांगलं," ती पोरगी म्हणाली.

"कशाचं! खोली मागितली की आधी आडनाव विचारायचे, मग म्हणायचे भरली. शेवटी रहिमानचाचा म्हणून एक दुकानदार हुते, त्यांनी दुकानामागं जागा दिली. पर तिथं नळाची रांग हुती, आन् रांगंत आपला नंबर आला की आपली घागर भरायची. बापाला तेवढं पुरलं."

गुरुजी कावरेबावरे झाले. "मावशी, जुनं झालं ते. आता गाव बदललंय."

"आमच्याकडं टँकर शेवटीच येतो," मागच्या रांगेतली अंकिता खाली मान घालून म्हणाली. ती विहाराजवळच्या वस्तीतली. "तळाचं गढूळ पाणी ऱ्हातं."

गुरुजी फळा पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी टँकर वेशीत आला, तर सिस्टर रस्ता अडवून उभ्या. उपसरपंच उदयसिंह मोटारसायकलवरून आला.

"आवं आक्का, तुमी पाव्हण्या. चार दिस सुखानं ऱ्हावा की."

"पाव्हणी? माझी नाळ हितं पुरलीया! आज टँकर आधी वस्तीत जाईल, न्हाईतर माझ्या अंगावरनं."

वस्तीतल्या बायका आधी त्यांचा पदर ओढून मागं बोलवत होत्या. मग एकेक जण घागर घेऊन शेजारी येऊन उभी राहिली. ऊन चढलं. पाण्यावाचून खोळंबलेलं गाव उदयसिंहावरच ओरडायला लागलं, तेव्हा टँकर वस्तीकडं वळला.

घरी आकाराम भडकला. "तुझं काय जातंय? तू जाशील मिरजंला. आमाला हितंच दिस काढायचेत."

हे मात्र सिस्टरांना झोंबलं, कारण ते खरं होतं. त्यांनी मिरजेची खोली सोडली, पेटी आणि पलंग मागवून घेतला, आणि जतच्या कचेरीत हेलपाटे घालून तक्रार लावून धरली.

आता टँकर आळीपाळीनं येतो, कुरकुरत का होईना. गुरुजींनी त्यांना पुन्हा बोलावलेलं नाही. निम्मं गाव त्यांच्याशी बोलत नाही, आणि दुकानदार सुटे नाहीत म्हणाला, की सुटे मिळेपर्यंत त्या तिथंच पायरीवर बसून राहतात.

परवा पुण्याहून लेकाचा, प्रथमेशचा, फोन आला. "आई, रागापायी कुणी गावात राहतं का?"

"राहतं की," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.