दादाच्या गळाची काठी

दादाच्या तेराव्यानंतर वहिनीने त्याची मासे धरायची काठी माझ्या हाती दिली. करडईचं तेल पाजलेल्या बांबूचा तोच वास.

पन्नास वर्षांपूर्वी फौजेतल्या दादाची अंदमानला बदली झाली, तेव्हा पाटणच्या बुरूडमामांकडे आम्ही ती निवडली होती.

"समिंदरातलं मासं केवढं असत्यात रं?" मामांनी विचारलं.

समुद्र तिघांपैकी कुणीच पाहिला नव्हता.

"आवं, हिला इचारा. लय पुस्तकं वाचती," दादा हसला.

मी ऐटीत एक बारीक, लवचिक काठी उचलली. मामांनी जाड काठी पुढे केली, पण दादाने माझीच घेतली. पुढे पत्रांतून लिहायचा, "तुझी काठी लय झ्याक."

आज नीट पाहिली. मधोमध मोडलेली, सुतळीने घट्ट बांधलेली. हे त्याने कधीच कळवलं नव्हतं.

केवढा असेल तो मासा?