सहावं बटण

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. त्यांच्याबरोबर बाहेर पडलं की पाच मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागतो, कारण दर दुसऱ्या दुकानापाशी थांबून ते स्वतःचीच अक्षरं तपासतात. "या 'श'चं बघ, पोट सुटलंय जरा," असं पंचवीस वर्षांपूर्वीच्या पाटीबद्दल हळहळून सांगतात. पाटी दुसऱ्या कुणाची असेल तर नाक मुरडून पुढे.

फक्त एका गल्लीत ते जात नाहीत. तिथे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे आणि त्यावर बाबांची शेवटची पाटी. वरची मोठी अक्षरं झोकात उभी आहेत. खाली दवाखान्याच्या वेळांची ओळ लिहिताना मात्र हात थरथरला. दोन वर्षं झाली, कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. पण त्या दिवशी बाबा शिडीवरून उतरले ते उतरलेच. तेव्हापासून मंडईत जाताना ते लांबचा वळसा घेतात आणि वर "चालणं चांगलं" असं मलाच ऐकवतात.

मी घरी बसून वेबसाइट बनवते. डॉक्टरीणबाईंनी काम दिलं तेव्हा एकच अट घातली, बटणांवरची अक्षरं त्यांची पाटी रंगवणाऱ्याच्याच हातची हवीत. मी बाबांना समजावून सांगायला बसले की प्रत्येक बटणाची दोन चित्रं लागतात. एक नेहमीचं. माऊसचा बाण वर आला की ते जातं आणि त्याच जागी दुसरं दिसतं. बटण दाबलं की लिंक पुढचं पान उघडते.

"म्हणजे एकाच जागेवर दोन पाट्या," बाबा म्हणाले.

"हो."

"मग लबाडी चालायची नाही. दुसऱ्या पाटीत अक्षर केसभर सरकलं तरी उडी मारल्यासारखं दिसेल."

मला हे कळायला क्लासमध्ये आठवडा लागला होता, आणि यांना दोन मिनिटांत कळलं! मला थोडा रागच आला.

सकाळच्या गोळीनंतर त्यांचा हात अकरापर्यंत शांत असतो. तेवढ्या वेळात ते मनगट काठीवर टेकवून लिहायचे. निळ्यावर पिवळी अक्षरं. मग तो कागद खिडकीच्या काचेवर चिकटवून त्यावर दुसरा कागद, त्यावर तीच अक्षरं, पण उजवीकडे आणि खाली तांबडी शेड, म्हणजे अक्षर वर उठल्यासारखं वाटतं. सहा बटणांचे बारा कागद, बारा दिवस. शेवटचं 'संपर्क'.

"हे जमलं तर पुढची कामं घेईन," तेराव्या दिवशी ते म्हणाले. "नाही जमलं तर ब्रश त्या रंगाच्या दुकानदाराला देऊन टाकतो. उगीच डब्यात ठेवून रोज तोंड बघायचं कशाला?"

इतक्या शांतपणे म्हणाले की मी तशीच उठले. मी कागद स्कॅन केले, घाईघाईने बटणं पानावर बसवली, लिंका जोडल्या आणि दुपारी त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. पाटीखालून जाताना बाबा चपलांकडे बघत होते.

दवाखाना दुपारचा बंद होता. डॉक्टरीणबाईंनी स्वतः माऊस धरला. बाण 'उपचार'वर नेला आणि अक्षर अलगद वर आलं. "अगंबाई! पेंटरकाका, हे तर जिवंत आहे!" मग 'वेळ', 'पत्ता', एकेक करत पाच बटणं. बाबांची मान हळूहळू ताठ होत गेली. मग बाण 'संपर्क'वर गेला आणि बटण थरथरायला लागलं. क्षणात खाली, क्षणात वर, थांबेचना.

"हे असंच ठेवायचंय का?" बाईंनी साधेपणानं विचारलं.

बाबांनी उजवा हात खिशात घातला. "नाही," ते म्हणाले. "हात आहे तो माझा."

मी "उद्या दुरुस्त करून आणते" असं काहीतरी पुटपुटले. घरी आल्यावर त्यांनी सगळे ब्रश धुतले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि पुडी दाराजवळ ठेवली. मला रडू येत होतं आणि स्वतःचा संतापही. बसवलेलं बटण तपासून बघायला काय धाड भरली होती मला?

तपासलं तेव्हा पाच मिनिटांत सापडलं. मी त्यांच्यासमोर 'संपर्क'चे दोन्ही कागद आणि त्यांचीच पोलादी पट्टी ठेवली.

"मोजा."

"समजूत घालू नकोस माझी."

"मोजा तर आधी!"

त्यांनी मोजलं. शेडवाला कागद चांगला अर्धा सेंटीमीटर रुंद निघाला.

"हा का वाढवलात?"

"शेवटच्या 'क'ची शेड कापली जात होती," ते म्हणाले. "अक्षराला जागा नको?"

"अहो बाबा, सहा बटणं त्या ओळीत अगदी चपखल बसली होती. हे एक रुंद झालं की मावत नाही, खालच्या ओळीत पडतं. पडलं की बाणाखाली उरत नाही, म्हणून पुन्हा अरुंद होतं आणि जागेवर येतं. आलं की परत बाणाखाली, परत रुंद, परत खाली. चाललंय आपलं खालीवर."

बाबांनी पट्टी पुन्हा एकदा दोन्ही कागदांवर लावून बघितली.

"म्हणजे माझा हात नाही?"

"हात नाही. हट्ट आहे."

ते हसले. दोन वर्षांत इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मग लगेच धंद्यावर आले. "'संपर्क'चे दोन्ही कागद सारखे रुंद करू. आणि 'वेळ' एवढासा शब्द, त्याला एवढी ऐसपैस जागा कशाला? तिथून कापून घे." सकाळी पुडी सोडली, नवे कागद लिहिले. मी बसवले आणि या वेळी प्रत्येक बटणावरून दहादा बाण फिरवला. 'संपर्क' जागचं हललं नाही.

"झालं," मी म्हणाले. "पाठवून देऊ?"

"थांब. 'पत्ता' दाब."

दाबलं. दवाखान्याचा फोटो उघडला. बाबांच्याच सांगण्यावरून मी तो खालून कापला होता. पाटीवरची मोठी अक्षरं होती, वेळांची ओळ नव्हती.

"पूर्ण फोटो लाव."

"बाबा, ती ओळ दिसेल."

"दिसू दे," ते म्हणाले. "तिथे मात्र माझाच हात आहे."