सत्यवानाला कुणी धरीना

आमच्या कारखान्याच्या वसाहतीत दारं दिवसभर उघडीच असत. येणारा अंगणातूनच "साहेब हायेत का?" म्हणून हाक मारी आणि उत्तर यायच्या आत ओट्यावर टेकलेला असे. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी उघड्या दारावर कुणीतरी बोटांनी हलकेच टकटक केली, तेव्हा पोहे भिजवता भिजवता माझे हात थांबले आणि कामाला येणारी बनुबाई घासायचं पातेलं तसंच टाकून उठली.

"वहिनी, तार आली की काय!"

युद्ध संपून वर्षही झालं नव्हतं. तारेचा धसका अजून मनातून गेला नव्हता. बनुबाई पदर सावरत पुढे गेली आणि तोंड वाकडं करून परत आली.

"तार न्हाई. सत्यवान हाय, सुतारखात्यातला. पुढच्या दाराला आलाय."

'पुढच्या' या शब्दावर तिनं जो भार दिला, तो देताना हातात पातेलं असतं तर तेही आपटलं असतं.

दार वाजवायची सवय त्याची बोर्डिंगमधली. बाप याकोब, गावकुसाबाहेरच्या वस्तीतून ख्रिस्ती झालेला, पाथर्डीकडच्या एका कोरड्या खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर. आई साराबाई. पोराला त्यांनी लहानपणीच नगरला बोर्डिंगात ठेवलं. तिथं तो सुतारकाम शिकला, दार वाजवून आत यायला शिकला आणि हुतुतू शिकला. आमच्या दुधाच्या कपाटाची जाळी बदलायला तो एकदा लागोपाठ दोन दुपारी आला होता, तेव्हा रंधा मारता मारता त्यानंच मला हे सांगितलं होतं. त्याचा दम दांडगा. म्हणे, मिशनच्या देवळात गाणं म्हणताना शेवटच्या ओळीला पेटी थांबली तरी याचा सूर चालूच. पाद्रीसाहेब डोळे वटारत, आणि मागच्या बाकावरची पोरं खुसखुसत. तोच दम पुढे मैदानावर कामाला आला.

"बाई, साहेब आहेत?" त्यानं विचारलं. सडसडीत, लांब हातांचा, नुकता धुतलेला सदरा, केसांना पाणी लावून पाडलेला भांग.

"आंघोळ करताहेत. ये ना आत."

"नको, इथंच थांबतो. एकच विचारायचं होतं. उद्याच्या सामन्यात मी आहे ना?"

मला ठाऊक नव्हतं. पण ज्यांना ठाऊक होतं ते तासाभरात आमच्याच ओसरीवर जमणार होते, आणि पोहे त्यांच्यासाठीच होते.

आमचे हे कारखान्यात केमिस्ट. गाळप संपलं की साखरेचं काम संपे आणि हुतुतूचं सुरू होई, कारण ढालीच्या सामन्यांचे चिटणीसही हेच. गोदावरीच्या दोन्ही तीरांवरच्या कारखान्यांचे आणि मोठ्या गावांचे संघ त्या ढालीसाठी जिवाच्या आकांतानं भांडत. कारखाने तर चांगले गडी हेरून पगारावर ठेवत. कुणी टाइमकीपर असे, त्याला घड्याळ कळत नसे. कुणी पहारेकरी असे, तो दिवसा सराव करी आणि रात्री झोपे. आम्ही सत्यवानाला आणलं. त्याला निदान सुतारकाम तरी येत होतं.

दोन हंगामांत त्यानं आमच्या संघाचं रूप पालटलं. तो चढाईला निघाला की बायकासुद्धा कुंपणाशी येऊन उभ्या राहत. समोरचे त्याला घेरत, चार-चार हात पुढे येत, आणि हा त्यातून निसटून मधल्या रेघेवर परत! लोकांनी त्याला 'मासा' नाव ठेवलं. "मासा सुटला रं!" अशी आरोळी उठली की समजावं, समोरचे दोघं बाद.

मग आला तो गेला रविवार. सामना उपान्त्य फेरीचा, समोर वरच्या गावचा संघ. सत्यवान 'हुतुतुतु' घुमवत आत शिरला, आणि समोरच्यांनी त्याला घेरायचं सोडून चक्क मागे पावलं घेतली. हा पुढे, ते मागे. हा डावीकडे, ते उजवीकडे. लग्नाच्या पंगतीत एखादा येऊन बसावा आणि बाकीच्या सगळ्यांनी पाटावरून उठून जावं, तसं. होता होता मागची रेघ आली आणि त्यांचे चौघं रेघेबाहेर गेले. आमचा पंच भिमाजी शिट्टी फुंकून ओरडला, "बाद! बाद! चौघं बाद!" लोक हसहसून लोळले. मीही हसले. पण मधल्या रेघेवर परत आलेला सत्यवान हसत नव्हता. तो वळून त्या चौघांकडे बघत उभा राहिला होता. ते चौघे आपापसांत बोलत होते, आणि एक जण मोठ्यानं म्हणाला, "गावकीनं सांगितलंय, शिवायचं न्हाई. हरलो तर हरलो."

आम्ही जिंकलो. अंतिम सामना उद्यावर आला, आणि पलीकडच्या तीरावरच्या संघानं निरोप धाडला की सत्यवान मैदानात उतरला तर आमचे गडी उतरणार नाहीत.

ओसरीवर मंडळी जमली. आप्पासाहेब, म्हणजे ढालीच्या समितीचे अध्यक्ष, मोठे ऊसवाले, कारखान्यात शब्द चालणारे, पोटानं आणि मनानं ऐसपैस. भिमाजी पंच, उंचीला चार फूट आणि आवाजाला चौदा. आमच्या संघाचा कप्तान रंगनाथ. आणि हे. सत्यवानाला यांनी बाहेर ओट्यावर बसवलं होतं. मी बनुबाईच्या हाती त्याला चहा पाठवला. तिनं कप ओट्याच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागं सरून म्हणाली, "घे. कान तुटलाय त्याचा, पर गळत न्हाई." साखर कारखान्यात राहून साखर रेशनची, तेव्हा चहा बेताच्याच गोडीचा होता.

"पेच असा," आप्पासाहेब पोह्यांवरचं खोबरं बाजूला सारत म्हणाले, "की पलीकडचे येत न्हाईत म्हनतात."

"मग नका येऊ म्हनावं," रंगनाथ म्हणाला. "ढाल आपली."

"न खेळता? अरे, लोकं गाड्या जुंपून येनार. त्यांना काय ढाल दाखवून परत लावायचं?"

भिमाजीनं घसा साफ केला. "माझ्या डोक्यात एक हाय. गोणपाट द्यावं पलीकडच्यांच्या हातात. गोणपाटानं धरायचं. पोत्याला कुटं इटाळ असतोय?"

"मानूस हाय का साखरेची गोणी?" रंगनाथ उसळला. "मग वजन बी करा, शिलाई बी घाला, वर कारखान्याचा शिक्का बी मारा!"

भिमाजी खजील झाला, पण हसूही आलं त्याला. यांनी चष्मा पुसला. हे शास्त्राचे माणूस, त्यांनी शास्त्रीय तोड काढली. "असं करता येईल का, की चौघांनी हातभर अंतरावर येऊन घेरलं, की पकड झाली असं समजायचं?"

"कुनाचा हातभर?" आप्पासाहेबांनी विचारलं. "माझा, का भिमाजीचा?"

ती तोड तिथंच संपली.

मी पोह्यांचं दुसरं ताट आणलं तेव्हा आप्पासाहेब मोठ्या खुशीत होते. त्यांना उपाय सापडला होता. "बॉयलरचं गरम पानी दोन पिंपं भरून ठेवू मैदानाशेजारी. धरा, खेळा, आंघोळ करा, घरी जा. कुनाची तक्रार न्हाई!"

"सगळ्यांना मिळणार का पाणी?" मी विचारलं.

"म्हंजे?"

"घाम सत्यवानालाही येतो."

आप्पासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोह्यांकडे. "वहिनीसाहेब, लिंबू हाय का?" म्हणाले.

रंगनाथ मात्र पुढे सरकून बसला. घरचा शेतकरी, वसाहतीत राहणारा, तिखट जिभेचा. "मी सांगतो. पहिल्या दिवशी हात धरून साखळी करायची तर त्याच्या शेजारी कुनी उभं राहीना. मी हरत हुतो, मला शेजारी काय नि काय, मी त्याचा हात धरला. घरी गेलो तर आयनं अंगनातच उभं केलं. चार घागरी थंड पानी. दुसऱ्या सामन्याला तीन घागरी. तिसऱ्या सामन्याला म्हातारी दारातच विचारती, 'जिंकलात का?' आंघोळीचं इसरूनच गेली. तेव्हा नियम एकच करा. जो गडी समोरच्याला धरायला नाही म्हनंल, त्याला बाहेर काढा. आन् अख्खा संघच नाही म्हनत आसंल तर सगळा संघ बाहेर काढा."

"असं केलं तर निम्मे संघ जातील," भिमाजी म्हणाला.

"मग उरलेल्या निम्म्यांत खेळू. मैदान तरी मोकळं मिळंल."

यांनी मान हलवली. "हे मला पटतं. नियमाप्रमाणं पकडणं हेच बचाव करणाऱ्यांचं काम. जो ते करत नाही, तो खेळतच नाही."

आणि इथं आप्पासाहेबांना राहवलं नाही. मनाचे मोठे खरे, पण तोंडाला झाकण नव्हतं. ते हसून रंगनाथाच्या मांडीवर थाप मारत म्हणाले, "तू लई भोळा हायेस रं! धरलं न्हाई तर आपलंच भलं हाय की. त्याला आनलाच त्यासाठी. नगरला खेळ बघितला, तवाच आमी मनात धरलं. आपल्या खेड्यापाड्यातली गडी याला मनापासून शिवायची न्हाईत. हात पुढं येनार, बोटभर अलीकडं थांबनार, आन् हा सुटनार. मासा कसला? पान्यालाच हात लावायचा न्हाई म्हटल्यावर मासा सुटनारच! सुतारकामाला का नोकरी दिली व्हय त्याला? एवढं सगळं मस्त चाललं हुतं, ह्या वरच्या गाववाल्यांनी उघड करून ठेवलं."

ओसरीची खिडकी ओट्यावरच उघडे.

रंगनाथाचा चेहरा बघवत नव्हता. दोन वर्षं त्यानंही 'मासा सुटला' म्हणून आरोळ्या दिल्या होत्या. बाहेर बशी नसलेला कप दगडावर ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, तो उठून गेला. जायलाच हवं होतं, मी त्याच्या जागी असते तर गेले असते.

पण दारावर टकटक झाली. उघड्याच दारावर, बोटांनी, सकाळसारखीच.

"आत येऊ का?"

"ये," हे म्हणाले आणि आपल्या शेजारची सतरंजी मोकळी केली. तो बसला नाही. दाराच्या आत उभा राहिला, हात मागे बांधून. बनुबाईही स्वयंपाकघराच्या चौकटीत येऊन थांबली होती. तिच्या हातात तो कान तुटलेला कप होता. ती तो कधी उचलून आली ते मला दिसलंच नव्हतं.

आप्पासाहेबांचा चेहरा लिंबू पिळल्यागत झाला. "सत्यवान, हे बघ, बोलन्याच्या भरात... तुझ्या नोकरीला धक्का न्हाई हां. पगार चालूच. उद्या नुसता बस, हवं तर माझ्याशेजारी खुर्चीवर बस..."

"आप्पासाहेब, मला पहिलं तुम्हांला विचारायचंय," तो म्हणाला. आवाज शांत होता, फक्त दम जरा आखूड झाला होता. "दोन वर्षं मी सुटत होतो ते माझ्या पायांनी, की त्यांच्या हातांनी?"

आप्पासाहेब पोह्यांतलं खोबरं चिवडू लागले.

"बोर्डिंगात मला रोज धरत होते," तो म्हणाला. "गुडघ्याला मिठी मारायचे, पाठीवर बसायचे, सदरे फाटायचे. कधी सुटायचो, कधी नाही. सुटलो तर कळायचं की सुटलो. इथं सगळे मासा म्हणाले, मलाही वाटलं की आपण मासा आहोत. घरी बाबांना तसं लिहिलं मी. सरावात रंगनाथराव धरतात. पण ते आपले. ते कधी कधी सोडूनही देतात, मला कळतं."

"न्हाई सोडत," रंगनाथ पटकन म्हणाला. मग खाली बघून, "एकदा सोडलंय. तुझा पाय दुखत हुता."

भिमाजी फिसकन् हसला. हसल्यावर त्याला वाईट वाटलं असावं, कारण तो लगेच म्हणाला, "सत्यवान, तू सांग. गोणपाट नको, पानी नको, अंतर नको. तुझ्या मनात काय हाय? बसायचं का खेळायचं? का गावाला जायचं?"

हे म्हणाले, "सांग. तू म्हणशील तसा निरोप मी पलीकडच्यांना आत्ताच धाडतो. येणार असतील तर त्या अटीवर येतील, नाहीतर ढाल यंदा कुणालाच नाही."

आप्पासाहेब या शेवटच्या वाक्यावर दचकले, पण यांचा हात त्यांच्या गुडघ्यावर होता आणि पोहे अजून निम्मे शिल्लक होते. त्यांनी ताट पुढं ओढलं.

सत्यवानानं मागे बांधलेले हात सोडले. उंच माणूस हात कुठे ठेवावेत या विचारात पडला की आणखी उंच दिसतो.

"साहेब," तो म्हणाला, "उद्या मला खेळवा. आणि समोरच्यांना सांगा, मला धरा. हातानं धरा."