प्रस्थान शेजारी, प्रवासी धुळ्यात

माझा पासपोर्ट माझ्या तीन दिवस आधीच हॉलंडला निघाला होता. निघाला आणि शेजारच्या छगनशेठच्या फडताळात जाऊन बसला.

त्याचं असं झालं. नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास आम्ही जळगावचे चार सायकलवीर हॉलंडात सायकली चालवायला जाणार होतो. (माझी सायकलवीरता म्हणजे मेहरूण तलावाला अर्धी चक्कर आणि उरलेली अर्धी चहाच्या टपरीवर!) पण बढाया अशा मारल्या होत्या की, हॉलंडच्या राणीने रस्ते झाडून ठेवले असावेत, असं अख्ख्या मेहरूणला वाटू लागलं होतं. सायकली तिकडे भाड्याने मिळणार होत्या, तरी मी घरचा पंप घेतला. परक्यांच्या हवेचा काय भरवसा!

निघायचा वार रविवार. माझी आत्या, म्हणजे आमची आक्का, कडाडली, "आइतवारले मावळतीले जास का कोनी? दिशाशूळ शे!"

रविवारी पश्चिमेला निघणं म्हणजे अशुभ. त्यावर तोडगा म्हणजे प्रस्थान. चांगला वार बघून प्रवाशाची एखादी वस्तू गाठोड्यात बांधून शेजाऱ्याकडे ठेवायची. म्हणजे प्रवास त्याच दिवशी सुरू झाला! जाताना गाठोडं उचलायचं आणि चालू लागायचं. आक्काने माझा टॉवेल, हळकुंड, सुपारी आणि कुंकवाची पुडी बांधायला घेतली. मी विज्ञानावर तासभर भाषण दिलं. धुळ्याच्या दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, फोन करून तेच भाषण पुन्हा ऐकवलं.

आणि आक्काची पाठ वळताच गुपचूप पासपोर्ट त्या गाठोड्यात सरकवला. शेवटी विमानाला टॉवेलचं प्रस्थान कसं लागू पडणार?

रविवारी पहाटे निरोपाला एवढी गर्दी लोटली की स्टँडवर एसटीलाच जागा उरली नाही. हारांनी माझे नाक-डोळे झाकले, काखेत पंप, आणि गाठोडं सांभाळणारे छगनशेठ स्वतःच हार घेऊन रांगेत! त्यांना आठवलं नाही आणि मला काही दिसतच नव्हतं.

धुळ्याच्या स्टँडवर ताई आरतीचं ताट घेऊन उभी. दाजी म्हणाले, "साहेब, तो पासपोर्ट का काय तो दाखवा तरी!"

"दाखवतो की!" मी ऐटीत बॅग उघडली. मग दुसरी. मग ताईची पिशवी. मग पंपाच्या नळीत डोळा लावून पाहिलं.

"हवेत गेला का हो?" दाजी म्हणाले.

तेवढ्यात मला फडताळ आठवलं. मुंबईची गाडी लागली होती. बरोबरचे तिघे मित्र म्हणाले, "तू ये मागून!" आणि बसले. मी एसटीडी बूथवर धावलो. छगनशेठ म्हणाले, "घाबरू नका साहेब, गाठोडं जागचं हललं नाही!" (तेच तर दुःख होतं!)

"मी येतो घ्यायला!"

पलीकडे आक्काने फोन हिसकावला. "खबरदार माघारी फिरशी तर! तठेच उभा र्‍हाय!"

राहिलो. दुपारपर्यंत. हार घालून. निम्म्या धुळ्याने मला कोणत्या वॉर्डातून उभा आहे म्हणून विचारलं.

अखेर मुंबईला निघालेला केळ्यांचा ट्रक स्टँडबाहेर थांबला. केबिनमधून आक्का उतरली, छातीशी गाठोडं. भर रस्त्यात तिने गाठ सोडली आणि टॉवेलातून पासपोर्ट दाजींच्या पायाशी पडला.

आक्काने आधी पासपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बठ्ठा गावले आक्कल शिकाडस, आन् सोता गुपचूप पासपोर्ट गाठोडामा ठेवा?"

दाजी नुसते हात जोडून म्हणाले, "विज्ञान!"

मला वाटलं, त्या केळ्यांच्या ढिगात स्वतःला पुरून घ्यावं. आणि योग असा की, तशी सोय होतीच! मुंबईपर्यंत मी त्याच ट्रकमध्ये, केळ्यांवर. निघताना आक्काने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि त्याच बोटाने पासपोर्टातल्या फोटोलाही.

विमानतळावर मी धावत पोचलो तेव्हा मित्रांनी मला वासावरून ओळखलं. अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला. फोटोच्या कपाळावर कुंकू. वर पाहिलं. माझ्या कपाळावर कुंकू. काखेत पंप, केसांत केळीचं पान.

"तुम्हीच दिसता," तो म्हणाला, आणि शिक्का मारला.

आता साक्रीला लग्नाला जायचं असलं तरी माझं प्रस्थान आधी छगनशेठकडे जातं. फक्त आक्काच्या हुकमावरून त्या रात्री मलाही गाठोड्याशेजारीच झोपवतात.