बॉम्ब शेल्टरमधलं इंजिन

माझ्या साडूइतका आत्मविश्वास अख्ख्या सिंगापुरात दुसऱ्या कुणाकडे नाही. आणि आत्मविश्वासाचा ज्ञानाशी इतका कमी संबंध असू शकतो, हेही मला त्याच्याचमुळे कळलं. नोकरी आयटीत, घर वुडलँड्सला. संध्याकाळी घरी आला की काहीतरी उघडून बसल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. उघडलेली वस्तू पुन्हा नीट बंद झाली पाहिजे, असा त्याचा आग्रह नसतो. त्यांच्या घरातला पंखा एकाच वेगाने फिरतो आणि मिक्सर चालवायचा तर झाकणावर कोपर रोवून उभं राहावं लागतं. माझी मेहुणी या सगळ्याला सरावली आहे. "पीत नाही, जुगार खेळत नाही, स्क्रू फिरवतो. फिरवू दे," असं ती म्हणते.

इथे गाडीला दहा वर्षांचा परवाना मिळतो, आणि तो गाडीपेक्षा महाग असतो. त्यामुळे परवाना संपत आलेल्या गाड्या स्वस्तात जातात. साडूने अशीच एक गाठली. आयुष्य जेमतेम वर्षभर उरलेलं, इंजिन पेट्रोलपेक्षा तेलच जास्त पिणारं. सेम्बावांगच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, बंद केलं आणि वाक्याला इथलं नेहमीचं 'लाह'चं शेपूट लावून म्हणाला, "अंकल, स्क्रॅप लाह." साडूला ते जिव्हारी लागलं. इंजिन घरी नेऊन आपण स्वतः नवं करणार, असं त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं. वर्षभरात मरणाऱ्या गाडीला नवं इंजिन कशाला, असं मी विचारलं. "साडूभाऊ, तुम्हाला नाही कळायचं. मी सगळे व्हिडिओ बघितलेत. एकातला माणूस तर हे गप्पा मारत मारत करतो."

मेकॅनिकने साखळीने इंजिन उतरवून दिलं. ते जुन्या चादरीत गुंडाळून, ट्रॉलीवर आडवं घालून साडूने लिफ्टमध्ये आणलं. वरच्या मजल्यावरच्या चिनी आंटीने त्या चादरीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "हू डाय?" साडू म्हणाला, "नोबडी डाय, आंटी. ओन्ली इंजिन." त्या दिवसापासून आंटी शक्यतो पुढच्या लिफ्टने येते.

इकडच्या फ्लॅटांत स्वयंपाकघराशेजारी जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते. युद्ध झालं तर तिच्यात लपायचं. युद्ध होत नाही तोवर मराठी माणूस तिथे तांदूळ, डाळी आणि रिकाम्या बॅगा ठेवतो. साडूने ते सगळं हॉलमध्ये काढलं आणि बॉम्ब शेल्टरमध्ये इंजिन बसवलं. बोल्टांची अदलाबदल होऊ नये म्हणून ते इडलीपात्राच्या वाट्यांत क्रमाने मांडले. पिस्टन भांड्यांच्या साबणाने सिंकमध्ये घासले. पिस्टनच्या रिंगा इथे महाग, म्हणून पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला जाऊन पुलावरच्या रांगेत शनिवार घालवला, आणि किती वाचले ते मला फोन करून सांगितलं. पुढे त्यांच्याकडे इडल्या खाल्ल्या तेव्हा मला जरा निराळी चव लागली. मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्याने तेलाचा ग्रेड सांगितला असता. त्याची लेक मात्र स्पष्ट बोलते. "बाबा, जस्ट बाय अ सायकल लाह."

अशात सांगलीहून आमच्या दोघांच्या सासूबाई आल्या. गुडघे गेलेले, चार पावलं चालल्या की बसावं लागे. विमानतळावरच साडूने शब्द देऊन टाकला, "आई, सगळं सिंगापूर तुम्हाला माझ्या गाडीतून दाखवीन." झालं. गाडी सेम्बावांगला, इंजिन शेल्टरमध्ये आणि सासूबाई हॉलमध्ये, तूरडाळीच्या पिशव्यांच्या मधोमध. आम्ही सेरंगूनहून येऊन टॅक्सीने नेतो म्हटलं की साडूचा चेहरा उतरायचा, आणि सासूबाई "आज नको, गुडघा दुखतोय" म्हणून विषय मिटवायच्या. दसरा झाला की लगेच गाडीची सरकारी तपासणी होती. तिच्यात पास झाली तर ठीक, नाहीतर गाडी भंगारात.

सासूबाई मग शेल्टरच्या दारात खुर्ची टाकून टॉर्च धरू लागल्या. हे काय, ते काय, विचारू लागल्या. "हा पिस्टन, आई." "बत्त्यासारखा दिसतो हो." साडू खुलायचा. मला एकदा म्हणाला, "साडूभाऊ, मी ऑफिसात काय करतो ते गेली कित्येक वर्षं मला घरात कुणाला सांगता आलेलं नाही. हे आईंना कळतं." टोमणा मारायला इतकी चांगली जागा होती, पण मला सुचलाच नाही.

दसऱ्याला इंजिन जवळजवळ जुळलं होतं. वरचं झाकण तेवढं लावायचं बाकी होतं. ते त्याने मुद्दाम ठेवलं होतं, पूजा आतपर्यंत पोचावी म्हणून. मी झेंडूचे हार नेले. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, निरांजन ओवाळलं, आणि आम्ही सगळे डोळे मिटून हात जोडून उभे असताना मूठ मूठ अक्षता टाकल्या. सांगलीकडचा हात, तो काय मोजून टाकतो? साडूने दिसल्या तेवढ्या ब्रशने झाडल्या आणि झाकण लावलं.

इंजिन गाडीत बसलं त्या दिवशी आम्ही सगळे सेम्बावांगला गेलो. सासूबाई इरकली नेसून पुढच्या सीटवर बसल्या. साडूने किल्ली फिरवली आणि गाडी चक्क सुरू झाली. मेकॅनिकनेही टाळी वाजवली. गॅरेजच्या आवारातल्या पहिल्याच फेरीत तेलाचा लाल दिवा लागला. "सेन्सर जुना आहे," साडू खिडकीतून ओरडला आणि त्याने दुसरी फेरी मारली. आतून कुणीतरी हातोडी मारावी तसा आवाज आला आणि गाडी थांबली ती थांबलीच. सासूबाईंना बाजूला खुर्चीवर बसवलं. मेकॅनिकने गाडी वर चढवून खालचं तेलाचं भांडं उघडलं. पंप ज्या जाळीतून तेल ओढतो ती गच्च बुजली होती. त्याने बोटाने उकरून पाहिलं. "अंकल, इनसाइड गॉट राइस. रेड कलर. वाय?"

तेल न मिळाल्याने आतलं सगळं खरवडून गेलं होतं. हाताशी वेळ नव्हता, गाडी आता भंगारातच जाणार होती. साडूने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला ओळखतो, विजेचा झटका बसला तरी चूक विजेची म्हणणारा माणूस. सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "जावईबापू, काय झालं हो?"

त्याने जाळी फडक्यात गुंडाळली. "एक नट ढिला राहिला, आई. माझीच चूक."

"असू दे. पूजा केली होती म्हणून तुम्हाला तरी काही इजा झाली नाही."

"हो, आई," साडू म्हणाला.

परत टॅक्सीने निघालो. सासूबाई पुढे बसल्या आणि चिनी ड्रायव्हरला हिंदीत सांगू लागल्या, "हमारे जवाई ने घर में इंजिन बनाया. पूरा." तो "ओके, ओके" म्हणत होता. मग त्या बाहेर बघायला लागल्या, झाडं, पूल, उंच इमारती. म्हणाल्या, "किती छान आहे हो. रोज नेतो म्हणत होते हे लोक, मीच गुडघ्याचं निमित्त सांगायची. म्हटलं, बघीन तर जावईबापूंच्याच गाडीतून." साडू माझ्या शेजारी बसला होता. त्याने काचेला कपाळ टेकलं होतं. मग त्याने हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, "ते डावीकडे दिसतंय ना, आई, ते तळं..." तळं केव्हाच मागे गेलं होतं, आणि सासूबाई "हो हो, दिसलं" म्हणत होत्या.